पुठ्ठ्याला चिकटलेल्या जुन्या नोटा: पुठ्ठा सोलायचा, नोट नाही

प्रश्न थोडक्यात असा: लातूरकडच्या एका कुटुंबाच्या किराणा दुकानात, गल्ल्याच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली आजोबांनी एक चौकट टांगली होती. त्यात पुठ्ठ्यावर तीन नोटा चिकटवलेल्या. एक हैदराबाद संस्थानची एक रुपयाची, दुसरी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची १९४० सालची एक रुपयाची आणि तिसरी रिझर्व्ह बँकेची पाच रुपयांची, चिंतामणराव देशमुखांच्या सहीची. दुकान आवरताना काच फुटली. आता नातवाला नोटा सोडवून नीट ठेवायच्या आहेत. कोणी सांगतं किटलीची वाफ द्या, कोणी म्हणतं गरम पाण्यात टाका, कोणी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतं. खरं काय करायचं?

जुने कागद, दस्तऐवज आणि नोटा दुरुस्त करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्या भरवशावर पहिलं सांगतो: आज काहीच करू नका. चौकटीतले काचेचे तुकडे हलक्या हाताने काढा, धूळ मऊ ब्रशने झटका आणि पुठ्ठा आडवा, सपाट ठेवून द्या. सत्तर-ऐंशी वर्षं चिकटलेली नोट आणखी आठ दिवस चिकटून राहिली तर तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रविवारी दुपारी, सगळे घरात असताना, "बघू तरी निघतेय का" म्हणून कोपरा नखाने उचलला की.

मी स्वतः हेच केलं होतं. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांनी पंचम जॉर्जची दहा रुपयांची नोट वहीच्या पानासकट आणून दिली. किटलीची वाफ दिली, कोपरा सुटला, मला हुरूप आला आणि मी ओढली. अर्ध्यापर्यंत छान आली. मग मागच्या बाजूचा पापुद्रा वहीलाच राहिला आणि हातात आली ती अर्धी जाड, अर्धी पातळ नोट. वर मागे कुठल्या तरी पेढीचा जांभळा शिक्का होता, तो वाफेने पसरून ढग झाला. त्या गृहस्थांना दुसरी नोट घेऊन द्यावी लागली. ती फाटकी नोट माझ्या खणात अजून आहे, शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवायला.

त्या नोटेने मला जे शिकवलं ते एका वाक्यात बसतं. नोट पुठ्ठ्यावरून काढायची नसते, पुठ्ठा नोटेवरून काढायचा असतो. ऐकायला शब्दांचा खेळ वाटेल, पण हातांचं सगळं काम त्याने बदलतं. ओढलेली वस्तू वाकते, आणि जी वाकते तीच फाटते. म्हणून नोट काचेवर पालथी, सपाट, न हलणारी. आणि वाकायचं, फाटायचं, भिजायचं ते पुठ्ठ्याने.

सोडवायच्या का, हे आधी ठरवा

नोटा विकायच्या असतील तर हिशेब वेगळा. संग्राहक नोटेचा कागद पाहतात: कडकपणा, छपाईचा उठाव, मूळ चकाकी. पेपर मनी गॅरंटीसारख्या संस्था नोटेला सत्तरपैकी गुण देतात, आणि पूर्वी कशावर चिकटवलेली, धुतलेली, डिंक लागलेली असेल तर ते शेऱ्यात लिहितात. कितीही सफाईने सोडवली तरी एकदा चिकटलेली नोट 'न चिकटलेली' होत नाही. ती खपवायला कोणी 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे व्यवहारात न वापरलेली, म्हणून दिली तर ती फसवणूक. उलट अर्धवट धुऊन, इस्त्री मारून चमकवलेली नोट जाणकाराच्या हातात पडताच ओळखू येते आणि तिची किंमत चिकटलेल्या नोटेहूनही खाली जाते.

तुमच्या तीनपैकी १९४०ची एक रुपयाची नोट दुर्मीळ नाही. तिच्यावर सहाव्या जॉर्जच्या रुपयाच्या नाण्याचं चित्र असतं आणि सी. ई. जोन्स यांची सही. युद्धात चांदी वाचवायला सरकारने एक रुपयाची नोट पुन्हा काढली, तेव्हा ती अमाप छापली गेली. पाच रुपयांची नोट देशमुखांच्या काळातली, म्हणजे १९४३ ते १९४९ मधली. ते महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यामुळे मराठी घरांत ही नोट हौसेने जपलेली मी पुष्कळ पाहिली. हैदराबादच्या नोटेकडे मात्र जास्त लक्ष द्या. १९१८ पासून निजामाच्या सरकारने स्वतःच्या नोटा काढल्या, त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम लिहिलेली असे, आणि १९५९ मध्ये हे चलन कायमचं बंद झालं. मराठवाड्यातल्या घरात अशी नोट सापडणं साहजिकच, पण चांगल्या स्थितीत क्वचित. तीच तुमच्या पुठ्ठ्यावरची नाजूक बाब. म्हणून तिला शेवटी हात लावा, पहिल्यांदा नव्हे.

आता हेही बघा, की आजोबांनी चौकट का केली असेल? पहिल्या भवानीची नोट, दुकान उघडलं त्या दिवसाची, संस्थान खालसा झालं तेव्हाची? पुठ्ठ्याच्या मागे किंवा नोटांखाली काही लिहिलंय का ते आधी तपासा. एका घरातल्या अशाच चौकटीत नोटेखाली पेन्सिलीने तारीख आणि 'बाबांनी दिली' एवढंच होतं. नोट साधीच होती, पण तो पुठ्ठा त्यांनी आजही जपलाय. चौकट धड असेल, नोटा बाहेरून निरोगी दिसत असतील आणि विकायच्या नसतील, तर नुसती काच बदलून तशाच ठेवणं हाही चांगला निर्णय आहे. मी कित्येकांना तेवढंच सांगून परत पाठवतो. तुमच्या वर्णनात मात्र दोन गोष्टी खटकतात. हैदराबादच्या नोटेच्या कडेला कसर लागलीय, म्हणजे किडे आलेत. आणि पुठ्ठा तपकिरी पडून कडेला चुरतोय. तो आम्लधर्मी झालाय, नोटही हळूहळू पिवळी करणार. तेव्हा सोडवणं योग्य.

डिंक कोणता, हे ओळखल्याशिवाय पाणी नाही

पाठवलेल्या वर्णनावरून मला तीन नोटांना तीन वेगळ्या गोष्टी लावलेल्या दिसतात. आपल्याकडे हे नेहमीचंच. पहिली चिकटवली तेव्हा घरात खळ केली होती, दुसरीच्या वेळी बाटलीतला डिंक होता, तिसरी पुढे कधीतरी निघाली म्हणून कोणी तरी फेव्हिकॉलने पुन्हा दाबली.

खळ म्हणजे मैद्याची, कणकेची किंवा चिंचोक्याची. वाळली की भुरकट, मळकट, नखाने खरवडली तर पीठ पडतं. कसर आणि झुरळं हिच्यावर जास्त जमतात. बाभळीचा डिंक काचेसारखा पिवळट चमकतो, त्याला तडे गेलेले असतात. सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक, गडद तपकिरी, कडक, ओलावला की जनावरी वास येतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक वाळल्यावर पारदर्शक, लवचिक, रबरासारखा. पाण्याचा थेंब ठेवला की पाचेक मिनिटांत पांढुरका होतो पण विरघळत नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशनही लोक लावतात. ते जुनं झालं की तांबूस होऊन बोटाने चोळता गोळ्या निघतात.

शंका असेल तर कडेला बाहेर आलेल्या डिंकाचा मोहरीएवढा कण बशीत घ्या आणि पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब टाका. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ केलं तरी चालतं. निळाकाळा झाला तर पिठाची खळ. ही परीक्षा फक्त सुट्या कणावर करायची. नोटेवर तर नाहीच, पुठ्ठ्यावरही नाही, कारण पुष्कळ पुठ्ठ्यांच्या लगद्यातच स्टार्च असतं आणि ते उगाच निळं होऊन दिशाभूल करतं.

डिंकाइतकीच शाईची परीक्षा महत्त्वाची. नोटेची मुख्य छपाईची शाई तेलाच्या पायाची, थंड पाण्याला सहसा दाद देत नाही. पण 'सहसा' या शब्दावर नोट पणाला लावू नका. नोटेचा क्रमांक आणि सही वेगळ्या छपाईची असते. त्याहून धोक्याचे म्हणजे नंतर पडलेले ठसे: बँकेचा जांभळा रबरी शिक्का, सराफाची दौतीतली शाई, कोणी मारलेली बेरीज. दातकोरणीच्या टोकाला कापसाचे चार तंतू गुंडाळा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून झटका, क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याच्या कोपऱ्यावर नुसता टेकवा, अर्ध्या मिनिटाने टिपकागद दाबा. टिपकागदावर रंगाची छटा आली तर त्या नोटेला भिजवणं बंद. तिन्ही नोटांवर, प्रत्येक रंगावर हे वेगवेगळं करा. कंटाळवाणं आहे. माझ्या जांभळ्या ढगाची आठवण ठेवा.

सुरू करण्यापूर्वी दोन्ही अंगांनी, एकदा सरळ आणि एकदा टॉर्च आडवा धरून फोटो काढा. आडव्या उजेडात कुठे फुगलंय, कुठे घट्ट आहे ते डोंगरदऱ्यांसारखं दिसतं. स्टेपल किंवा टाचणी अडकलेली असेल तर ती कोरड्यातच काढा. गंज ओला झाला की नोटेत उतरतो आणि परत निघत नाही. स्टेपलची जुनी भोकं असतीलच, बँका गड्ड्यांना स्टेपल मारत आणि रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ते थांबवायला सांगेपर्यंत तीच रीत होती. ती भोकं नोटेच्या आयुष्याचा भाग, बुजवू नका.

कोरडं काम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आधी तिन्ही नोटा एकमेकींपासून वेगळ्या करा, पुठ्ठ्यासकट. धारदार कटर आणि स्टीलची पट्टी घ्या, नोटेच्या कडेपासून बोटभर जागा सोडून पुठ्ठा कापा. आता तीन छोटे तुकडे झाले. एकाला अपघात झाला तर दुसऱ्या दोघींना त्याची झळ नाही.

स्वच्छ काचेवर गुळगुळीत कागद, त्यावर नोट पालथी. वरच्या बाजूला पुठ्ठा. पुठ्ठा म्हणजे अनेक थरांचा लगदा, त्याचे पापुद्रे सुटतात. एका कोपऱ्यात बोथट सुरी घालून वरचा थर उचला आणि तो मागे दुमडून, काचेला जवळजवळ समांतर, हळूहळू ओढा. सरळ वर नाही. वर ओढलं की खालचे थर उचलले जातात आणि त्यांच्याबरोबर नोट वाकते. चित्रकलेच्या दुकानातली पॅलेट नाइफ उत्तम. माझं आवडतं हत्यार मात्र बांबूची कामटी. बोटभर रुंद, टोकाशी पातळ तासलेली, बारीक पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलेली. धातू नोटेत शिरलेलं कळत नाही. कामटी अडली की हाताला कळतं.

असे थर काढत जा. शेवटी वर्तमानपत्राच्या कागदाएवढा, थोडा खडबडीत पापुद्रा उरतो तिथे थांबा. घाईत इथेच घोळ होतो: "आता थोडंच राहिलं" म्हणून पुढचा थर काढायला गेलं की तो थर नोटेचा असतो. एका नोटेला दीड-दोन तास लागले तर ते कमी नाहीत. मान अवघडली की उठा, चहा घ्या.

एवढी खटपट पाण्याआधी कशासाठी? कागद भिजला की पसरतो, आणि तंतूंच्या दिशेला आडवा जास्त पसरतो. जाड पुठ्ठा एका रीतीने पसरणार, नोट दुसऱ्या रीतीने, आणि दोघांना डिंकाने जखडलेलं. मग नोटेला सुरकुत्या पडतात, घडीवर चीर जाते. पुठ्ठा पातळ पापुद्र्याएवढा उरला की त्याचं नोटेवर जोर करायचं बळच संपतं. शिवाय पाणी डिंकापर्यंत मिनिटांत पोचतं, तासांत नाही.

ओल: थोडी, मागून, आणि पाहत पाहत

खळ लावलेली नोट पहिली घ्या, म्हणजे तुमची १९४०ची. ती स्वस्तातली, शिवाय खळ सुटायला तशी सोपी. जुनी झालेली खळ कधीकधी हट्टी होते, पण वेळ दिला की फुगतेच.

आधी दमट डबा करायचा. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, तळाशी ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर टिपकागद आणि त्यावर नोट, पापुद्रा वर. पाणी नोटेला कुठेही लागत नाही, नुसती हवेतली ओल. लातूरच्या उन्हाळ्यात सहा-आठ तास लागतील, कोकणात श्रावणात दोन तासांत काम होतं. झाकणाच्या आतून थेंब गळत असतील तर वरून एक टिपकागद आडवा लावा. रात्रभर ठेवून विसरू नका. चोवीस तासांपलीकडे गेलं की खळीवर बुरशी धरू शकते, आणि बुरशीचा डाग खळीपेक्षा वाईट. वाफेचं आणि याचं काम एकच वाटेल, पण वाफ उकळती, ओली आणि एकाच जागी. डब्यातली ओल थंड, समान. किटली घरात चहासाठी ठेवा.

डब्यातून काढलेल्या नोटेचा कोपरा कामटीने तपासा. बऱ्याचदा खळीचा पापुद्रा मऊ होऊन आपोआप सरकतो. नाही सरकला तर पापुद्र्यावर ओला करून निथळलेला टिपकागदाचा तुकडा ठेवा, वर प्लास्टिकची चकती, दहा मिनिटं थांबा, आणि सुटेल तेवढाच भाग गुंडाळत काढा. जिथे अडलं तिथे पुन्हा ओल.

याहून चांगला मार्ग लेपाचा. मिथाइल सेल्युलोजची पूड पाण्यात भिजवून दाट, दह्यासारखी जेली करतात, शंभर भाग पाण्याला चारेक भाग पूड. ती पापुद्र्यावर अर्धा सेंटिमीटर जाड थापायची, पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग कामटीने लेप आणि त्याबरोबर फुगलेला कागद निरपून काढायचा. जेली पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, त्यामुळे ओल खाली शिरण्याआधी पापुद्रा आणि डिंक मऊ होतात. ज्या नोटेवर शिक्क्याची शाई हलते, तिथे भिजवण्याऐवजी हाच लेप मागून, शिक्क्याची जागा सोडून. पूड औषधी किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाची घ्या, वॉलपेपरची तयार खळ नको, तिच्यात बुरशीनाशकं आणि इतर डिंक मिसळलेले असतात.

पूर्ण भिजवणं हा शेवटचा उपाय, आणि शाईच्या परीक्षेत स्वच्छ उतरलेल्या नोटेलाच. बाभळीच्या डिंकाची धडधाकट नोट यात मोडते, तुमची कसर लागलेली हैदराबादची मात्र नाही. तो थंड पाण्यात सरळ विरघळतो, फारसं काही सांगण्यासारखं नाही. पसरट ट्रे, त्यात डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आणि लोह कागदात बसतात. नोट हाताने उचलायची नाही. ओला कागद स्वतःचं वजनही पेलत नाही. तिच्याखाली नोटेहून मोठी पारदर्शक पॉलिएस्टरची शीट ठेवा, जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरला लागत असे तशी, आणि जे उचलायचं ते शीटसकट. पापुद्रा खाली करून नोट पाण्यावर तरंगत सोडा. वीस मिनिटं, अर्धा तास. पापुद्रा सरकू लागला की शीटवरच नोट पालथी करून तो बोटाने बाजूला ढकला. मग उरलेली बुळबुळ मऊ ब्रशने, मधून कडेकडे, पाण्याखालीच काढा. पाणी दोनदा बदला. पाण्याला रंग आलेला दिसला तर कितीही काम उरलं असलं तरी बाहेर काढून टिपकागदात घाला.

पाणी कोमट करावं का? सरसासाठी करावं लागतं, कारण सरस थंड पाण्यात नुसता फुगतो आणि विरघळतो तो चाळीस अंशांच्या आसपास. पण इथे एक मेख आहे. नोटेचा कागद कापूस आणि तागाच्या वर्गातल्या लांब तंतूंचा, म्हणूनच तो पाण्यात टिकतो. खिशात राहून धुतलेली नोट आपण सगळ्यांनी वाळवलीय. मात्र त्या काळच्या कागदाला जो कडकपणा असतो, तो बऱ्याच अंशी त्यावर चढवलेल्या जिलेटिनचा. जिलेटिन आणि सरस ही सख्खी भावंडं. गरम पाण्याने सरस गेला तर त्याबरोबर नोटेचा कणाही जातो आणि हातात येतं ते धुतलेल्या धोतरासारखं मऊ काहीतरी. म्हणून सरस असेल तर कोमट पाण्यात बुडवलेला, पिळलेला टिपकागद फक्त मागच्या बाजूला, पाच-पाच मिनिटांनी बदलत. आणि साबण, सोडा, ब्लीच, लिंबू यांपैकी काहीही, कुठल्याही नोटेला, कधीच नाही.

फेव्हिकॉलचं काय?

तुम्ही सांगता, पाच रुपयांच्या नोटेखाली दोन कोपऱ्यांत रबरासारखं पारदर्शक काहीतरी आहे. हाच खरा त्रास. पांढरा डिंक पाण्यात तयार झालेला असला तरी एकदा वाळला की पाण्यात परत विरघळत नाही, फुगून मऊ होतो इतकंच. दोनच कोपरे असतील तर नशीब समजा. मधला सगळा पुठ्ठा कोरडाच सोलून घ्या आणि त्या दोन कोपऱ्यांचं काम वेगळं करा.

माझी रीत अशी: पाण्यात थोडं स्पिरिट मिसळून, साधारण निम्मंनिम्मं, त्यात टिपकागदाचा नखाएवढा तुकडा भिजवायचा, तो मागच्या बाजूने डिंकावर ठेवायचा, वर प्लास्टिक. दहा मिनिटांनी डिंक पांढुरका, च्युइंगमसारखा होतो. त्या वेळी, आणि फक्त त्याच वेळी, कामटीच्या टोकाने तो गुंडाळत काढायचा. वाळू दिला की पुन्हा पहिल्यापासून. स्पिरिटची शाईवर परीक्षा वेगळी घ्यावी लागते, कारण पाण्याला न हलणारे रबरी शिक्के स्पिरिटने वाहून जातात. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवासमोरचा दिवाही विझवलेला. डिंक पूर्ण निघत नसेल तर नोटेच्या मागे एक पातळ, न चिकटणारा थर राहिला तरी चालेल. त्याच्यासाठी नोटेचा पापुद्रा गमावू नका.

ॲसिटोन, थिनर, पेट्रोल घरी वापरू नका. प्रयोगशाळेत आम्ही काही वेळा वापरतो, पण धूर ओढणारी पेटी, हातमोजे आणि चुकलं तर काय करायचं याची तालीम असते. सेलोटेप लावलेल्या नोटाही याच कारणासाठी तज्ज्ञाकडे न्या. टेपचा पिवळा चिकटा कागदाच्या आत शिरलेला असतो आणि टेप ओढल्यावर छपाईच टेपवर येते. फ्रीजरचा उपाय रबरी चिकट्यांसाठी कधीकधी उपयोगी पडतो. खळ, डिंक किंवा फेव्हिकॉल त्याने सुटत नाही, उलट बाहेर काढल्यावर नोटेवर दव पडतं.

वाळवणं

इथपर्यंत सगळं नीट केलेले लोक इथे नोट वाया घालवतात. इस्त्री फिरवतात. अशा नोटांच्या छपाईत जिथे जिथे शाईचा उठाव असतो, जो बोटाच्या टोकाला जाणवतो, तो इस्त्रीने कायमचा बसतो आणि कागदाला खोटी चकाकी येते. हेअर ड्रायरने कडा आधी वाळतात आणि नोट पापडासारखी वळते. उन्हाबद्दल तर बोलायलाच नको.

टिपकागदाचे गठ्ठे आधी तयार ठेवा. टिपकागद मिळत नसेल तर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडचा मोठा फिल्टर पेपर चालतो, वर्तमानपत्र नाही. ओल्या नोटेला टिपकागद थेट चिकटू नये म्हणून दोन्ही बाजूंना शिंप्याकडचं न विणलेलं अस्तराचं कापड लावा, पण बिनडिंकाचं. त्यातलं इस्त्रीने चिकटणारं घेतलंत तर परत मलाच विचारायची वेळ येईल. पहिला टिपकागद दहा मिनिटांनी, दुसरा अर्ध्या तासाने, मग दोन तासांनी बदला. पहिल्या दोन वेळी वर वजन नाही, तळहाताचा हलका दाब पुरे. नंतर लाकडी फळी आणि तिच्यावर एखादं जाड पुस्तक. फळी जड नको, दाब सगळीकडे सारखा हवा. दोन-तीन दिवस तसंच. सुरक्षा धागा असलेल्या नोटेत, म्हणजे सहाव्या जॉर्जचा समोरून पाहणारा चेहरा असलेल्या नंतरच्या नोटांत, धागा आणि कागद वेगवेगळे आखडतात आणि धाग्याच्या रेषेवर बारीक लाट राहते. ती राहू द्या. दाबून सरळ करायला गेलं की तिथे घडी उमटते.

हैदराबादची नोट एवढं सगळं करून हात बसल्यावरच घ्या. तिच्या कडेला कसरीने खाल्लंय, म्हणजे कागद आधीच अशक्त. तिला भिजवू नका. कोरडं सोलणं, दमट डबा आणि लेप, इतकंच. अर्ध्या वाटेत वाटलं की पापुद्रा आणि नोट यांच्यातला फरक हाताला कळेनासा झालाय, तर तिथेच थांबा आणि आहे तशी पातळ पाठीसकट टिपकागदात घालून ठेवा. तो पापुद्रा तिला आधारच देईल. पुढचं काम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला विचारून करता येईल, किंवा तुमच्या ओळखीत कागदाचा कोणी संवर्धक असेल तर त्याच्याकडून. अर्धवट थांबलेलं काम त्यांना आवडतं. उरकून टाकलेलं नाही.

सोडवलेल्या नोटा आता कुठे ठेवायच्या? पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत. नव्या रेनकोटसारखा वास येणारे मऊ अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत त्यांचं तेल सुटून नोटेला चिकटतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नावर याल. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवायच्याच तर दुसऱ्या खणात. सिलिका जेलची पुडी पावसाळ्यात दर महिन्याला तपासा.

आणि चौकट परत हवीच असेल, तर तीही होते. आम्लमुक्त पांढरा पुठ्ठा, काचेच्या आणि नोटेच्या मध्ये जागा राहील अशी खिडकी कापलेला वरचा पुठ्ठा, आणि नोटा पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून त्या पाकिटाला जुन्या फोटो अल्बमसारखे चार कोपरे. कोपऱ्यांचा डिंक फक्त पुठ्ठ्याला लागतो. आजोबांच्या जुन्या पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं सापडलं असेल तर तेवढा तुकडा कापून, वेगळ्या पाकिटात, त्याच चौकटीच्या मागे ठेवा. लक्ष्मीच्या तसबिरीखाली पुन्हा टांगणार असाल तर समई आणि उदबत्ती दोन हात लांब, आणि ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते ती भिंत सोडून.